भयपटाची सुरुवात स्टोरीबोर्डवर: एक पॅसेज, एक दार, ९९ सेकंद

कृष्णधवल

भयपटाची सुरुवात स्टोरीबोर्डवर, म्हणजे शूटिंगआधी शॉट चित्रांत मांडायच्या कागदावर, उतरवताना बरेच जण आधी शेवटचं चित्र काढतात. चेहरा, हात, जे काही दाखवायचं असेल ते. त्या एका पॅनेलवर (बोर्डवरच्या चौकटीवर) तास जातो आणि आधीची दहा पॅनेल घाईत उरकली जातात. प्रेक्षक मात्र त्या दहा पॅनेलांमध्येच घाबरायला लागलेला असतो. म्हणून एकच सीन घेऊन तो पायरीपायरीने बोर्डवर आणू. चुका दिसतील तिथे सांगा.

सीन असा: रात्र. एक बाई घरातल्या पॅसेजच्या टोकाच्या खोलीला बाहेरून कुलूप लावते. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला येऊन दिवा बंद करते. अंधार होताच त्या कुलूपबंद दाराखालच्या फटीत उजेड दिसतो. ती परत जाते, वाकून बघते. फटीतल्या उजेडात दोन पावलांच्या सावल्या येऊन थांबतात. उजेड विझतो. आणि तिच्या पाठीमागे, दूरच्या टोकाला, पॅसेजचा दिवा आपोआप लागतो. शीर्षक.

पहिली पायरी, चित्राविना. दिवा लागायच्या आधी प्रेक्षकाला काय काय पक्कं ठाऊक हवं ते लिहून काढा. इथे तीन गोष्टी आहेत. कुलूप बाहेरून आहे. स्विच दारापासून लांब आहे. घरात दुसरं कोणी नाही. यातली एक जरी निसटली तरी शेवटचा दिवा म्हणजे 'कोणीतरी लावला असेल' एवढंच उरतं.

दुसरी पायरी, वरून आराखडा. आलेख कागदावर १ मीटरला २ सेंटीमीटर. ६ मीटर लांब, १.१ मीटर रुंद पॅसेज म्हणजे १२ × २.२ सेंटीमीटर. दार, स्विच, दिवा, बाईची वाट आणि कॅमेऱ्याच्या जागा त्रिकोणाने दाखवा. पॅनेल यानंतर.

तिसरी पायरी, छोटी चित्रं. १६:९ साठी ४.८ × २.७ सेंटीमीटरचे चौकोन, एका ए-फोर कागदावर बारा-पंधरा. एका चित्राला दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. रंग तीनच: कागदाचा पांढरा, एक मधला राखाडी, एक काळा.

शॉट आणि सेकंद:

१. कुलूप लावणारा हात, इन्सर्ट (फक्त तेवढाच भाग जवळून): ४
२. पूर्ण पॅसेज, दिवा चालू, ती दाराकडून आपल्याकडे येते: ९
३. स्विचवर हात, अंधार, स्विचचा लाल ठिपका पेटतो: ४
४. तिच्या नजरेतून दूरची उजेडाची फट: ७
५. तिचा चेहरा: ५
६. शॉट २ चीच जागा, ती दाराकडे चालत जाते: १८
७. फट जवळून, कॅमेरा जमिनीलगत: ६
८. ती वाकते, गाल जमिनीला: १०
९. शॉट ७ ची जागा, सावल्या सरकत येतात: ८
१०. तिथूनच, उजेड विझतो: ३
११. तिचा चेहरा, जेमतेम दिसेल असा: ६
१२. शॉट २ ची जागा, दूर ती, जवळ लाल ठिपका. ठिपका झाकला जातो: १२
१३. दिवा लागतो, ती वळून बघते: २
१४. शीर्षक: ५

एकूण ९९ सेकंद. पटकथेत हे सगळं जेमतेम अर्ध्या पानात मावेल. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशेब संवाद नसलेल्या भयदृश्याला लागू पडत नाही. म्हणून वेळ बोर्डवरच टाकावी लागते.

लाल ठिपका म्हणजे दिवा बंद असताना पेटून राहणारा स्विचमधला छोटा सूचक. अंधारात स्विच सापडावा म्हणून असतो तोच. सगळा शेवट त्याच्यावर टेकलेला आहे.

---

रेघोटी

रचना चांगली आहे, पण तुमच्याच यादीतली तिसरी गोष्ट बोर्डवर कुठेच नाही. ती घरात एकटी आहे हे कोणत्या पॅनेलमध्ये कळतं?

त्यासाठी नवा शॉट नको. शॉट २ नऊ सेकंदांचा आहे आणि त्यात बाई चालण्याशिवाय काही घडत नाही. पॅसेजच्या डाव्या भिंतीत एक उघडं दार ठेवा, आत एकच पलंग आणि एकच उशी. ती त्याच्यासमोरून जाईल तेव्हा नजर आपोआप तिकडे वळेल. पॅनेलमध्ये तो भाग पांढरा सोडा, बाकी राखाडी, म्हणजे डीओपीला (छायाचित्रण दिग्दर्शकाला) न सांगता कळेल की तिथे उजेड हवा.

चित्राबद्दल दोन गोष्टी. प्रत्येक पॅनेलमध्ये सगळ्यात आधी क्षितिजरेषा आखा. ती म्हणजे कॅमेऱ्याची उंची. कॅमेरा १.५ मीटरवर असेल तर जवळ-लांब सगळ्याच माणसांना ती रेषा साधारण खांद्याशी-गळ्याशी कापेल. तो जमिनीपासून ५ सेंटीमीटरवर असेल तर रेषा दाराच्या तळाशीच येईल आणि बाकी सगळं तिच्यावर उभं राहील. ही रेषा न आखता काढलेल्या बोर्डात सगळे शॉट नकळत डोळ्यांच्या उंचीचे होतात. शूटिंगलाही मग कॅमेरा दिवसभर त्याच उंचीवर राहतो आणि सीन सपाट येतो.

दुसरं, बाण. माणसाच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत, कॅमेऱ्याच्या हालचालीचा चौकटीच्या बाहेर. कॅमेरा पुढे सरकत असेल तर चौकटीत दुसरी लहान चौकट काढून चारही कोपरे रेषांनी जोडा. आतली चौकट म्हणजे शॉटचा शेवट. पॅन असेल, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा वळत असेल, तर पॅनेल आडवं लांब करा, त्यात सुरुवातीची आणि शेवटची चौकट दाखवा.

---

नवखा_शिकाऊ

शॉट ६ अठरा सेकंदांचा आहे, तरी त्याला एकच पॅनेल पुरेल का? आणि नंतर मधे एखादा शॉट घातला तर पुढचे सगळे क्रमांक बदलायचे का?

---

कृष्णधवल

शॉट ६ ला तीन पॅनेल: ६-१ ती स्विचजवळून निघते, ६-२ मध्यावर थांबते, ६-३ दाराशी पोचते. फ्रेममधली मांडणी बदलली की नवं पॅनेल, कट असो वा नसो. नुसती चालत राहिली तर नको.

क्रमांक कधीच बदलायचे नाहीत. शॉट ६ नंतर काही घातलं तर ते ६अ. एखादा काढला तर त्याचा क्रमांक रिकामा ठेवून 'रद्द' लिहा. सगळ्यांच्या हातात जुन्या प्रती असतात. क्रमांक हलले की सेटवर एक जण नव्या ७ बद्दल बोलतो आणि दुसरा जुन्या ७ ची तयारी करतो. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख हवीच.

रेघोटी, उशी मान्य. शॉट २ पुन्हा काढतो.

---

त्रिकोणमिती

आराखड्यावर मापं टाकली आहेत तर लेन्सचाही हिशेब करून बघू. कागदावर सगळंच मावतं, भिंतींच्या आत मावत नाही.

फ्रेमची रुंदी = अंतर × सेन्सरची रुंदी ÷ फोकल लेन्थ. सुपर ३५ सेन्सर साधारण २४.९ मिलिमीटर रुंद असतो, १६:९ साठी उंची १४ मिलिमीटर धरा. शॉट २, ६, १२, १३ ची जागा बघू: लेन्स ३५ मिलिमीटरची, दारापासून ६ मीटर. दाराशी फ्रेम ४.२७ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. दार पूर्ण दिसतं, उत्तम.

आता अडचणी.

पहिली, फट. दाराखालची फट १ सेंटीमीटरची असेल तर १०८० ओळींच्या चित्रात ती साडेचार ओळी व्यापते. फोनवर ती दिसणारच नाही. शॉट ४ ला लेन्स ५० घेतली तरी साडेसहा ओळी. बोर्डवर तुम्ही ठळक पांढरी रेघ काढली आहे, ती या दारातून निघणार नाही. एक तर दार वर उचलून फट ३ सेंटीमीटर करा, किंवा आतला दिवा जमिनीलगत ठेवून उजेड बाहेर फरशीवर सांडू द्या. फरशी चकचकीत असेल तर तो पट्टा कॅमेऱ्याच्या दिशेने लांब ओढला जातो. दोन्ही केलेलं बरं. पॅनेलमध्ये मग रेघेऐवजी फरशीवरचा निमुळता पट्टा काढा.

दुसरी, स्विच. कॅमेरा पॅसेजच्या मधोमध असेल तर ३५ च्या लेन्सला बाजूची भिंत १.५५ मीटरच्या अलीकडे दिसतच नाही. तुमचा स्विच कॅमेऱ्यापासून ८० सेंटीमीटरवर आहे, म्हणजे फ्रेमच्या बाहेर. कॅमेरा उजव्या भिंतीपासून २० सेंटीमीटरवर सरकवा, तो फ्रेममध्ये उजवीकडे येईल. दार मध्यापासून जरासं डावीकडे जाईल, ते छानच दिसेल. पण मग स्विच इतक्या तिरक्या कोनातून दिसतो की ठिपका कळणार नाही. खोटा स्विचबोर्ड बनवून तो भिंतीपासून १५ अंश कॅमेऱ्याकडे वळवून लावा. शॉट ३ मध्ये सपाट, शॉट ६ आणि १२ मध्ये वळवलेला. कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी, उंची. रेघोटींनी १.५ मीटर उदाहरणादाखल घेतली आहे, या सीनला ती चालणार नाही. १.५ वर सरळ ठेवलेल्या कॅमेऱ्याची फ्रेम दाराशी ०.३ मीटरपासून सुरू होते, म्हणजे फट बाहेर. स्विचच्या अंतरावर फ्रेम १.३४ ते १.६६ मीटर एवढीच आहे आणि स्विच १.२ वर, म्हणजे तोही बाहेर. कॅमेरा १.१ मीटरवर आणून दीड अंश खाली झुकवा, दोन्ही आत येतात. दीड अंशाने उभ्या रेषा वाकड्या वाटत नाहीत.

चौथी, शॉट ११. तिचं तोंड दाराकडे, दारापासून वीतभर अंतरावर. समोरून चेहरा घ्यायला कॅमेरा कुठे उभा राहणार?

---

मंदप्रकाश

चौथ्या अडचणीला उपाय आहे: बिजागऱ्यांतून दार काढा आणि चौकटीतून आतल्या बाजूने शूट करा. त्या शॉटमध्ये दार दिसतच नाही. शॉट ८ ला गालावर फटीतून येणारा उजेड हवा असेल तर काळ्या पुठ्ठ्यात ३ सेंटीमीटरची आडवी चीर पाडून तो जमिनीवर उभा करा, मागे दिवा. शॉट ११ ला उजेड विझलेला आहे, तेव्हा पुठ्ठा काढून फक्त तिच्या मागून, उघड्या खोलीच्या दारातून येणारा अगदी मंद उजेड ठेवा.

शॉट ११ च्या पॅनेलमध्ये एक चूक होण्याचा धोका आहे. इथे कॅमेरा उलट दिशेने बघतोय. शॉट ६ मध्ये स्विच फ्रेमच्या उजवीकडे होता, इथे तिच्या मागे तो डावीकडे यायला हवा. बोर्ड काढताना हात सवयीने उजवीकडेच काढतो. शूटिंगला कोणीतरी चित्राबरहुकूम दिवा उजवीकडे लावतो आणि प्रेक्षकाच्या डोक्यातला पॅसेज मोडतो. वळवलेला खोटा बोर्ड या बाजूने दिसणार नाही, तेव्हा ठिपक्यासाठी दुसरा छोटा लाल एलईडी लागेल.

आता सावल्या, शॉट ९. दोन पावलं ओळखू यायची तर मागचा उजेड लहान आणि लांब हवा. उघडा बल्ब जमिनीपासून हातभर उंचीवर, दारापासून अडीच-तीन मीटर मागे, आणि पावलं दाराच्या १०-१५ सेंटीमीटर आत. मोठा मऊ लाइट लावला तर त्याचा उजेड पावलांना वळसा घालून येतो आणि फटीत नुसती मळकट छटा पडते. दिवा छतावर असेल तर घोट्यांपर्यंतचा भाग ओळखूच येत नाही. बोर्डवर या पॅनेलशेजारी आतल्या खोलीचा छोटा आराखडा जोडा, दिव्याची जागा त्यात दाखवा.

अंधाराबद्दल. 'अंधार' लिहून पॅनेल सगळं काळं करू नका. शॉट १० सोडला तर प्रत्येक अंधाऱ्या पॅनेलमध्ये तिन्ही छटा असायलाच हव्यात: काळा जास्त, राखाडी थोडा, पांढरा ठिपक्याएवढा. प्रत्यक्षात तो अंधार म्हणजे नेहमीच्या एक्सपोजरपेक्षा दोन-तीन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि कडेने किंवा मागून आलेला उजेड. समोरून उजेड टाकून मग एक्सपोजर खाली आणलं तर अंधार वाटत नाही, चित्र फक्त मळकं दिसतं. अंधाऱ्या शॉट्सचे बोर्ड काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने काढून बघा. त्यात उजेड कुठून येतो हे ठरवल्याशिवाय एक रेघही काढता येत नाही. म्हणूनच ती सवय चांगली.

शॉट १३ चा दिवा डिमरवर ठेवा. अंधारापेक्षा तीन स्टॉप वर पुरे. त्याहून जास्त दिला तर भिंती फटफटीत पांढऱ्या होतात आणि तिचा चेहराच वाचता येत नाही.

---

ध्वनिवेडा

बोर्डला आवाजाची ओळच नाही. प्रत्येक पॅनेलखाली तीन रकाने करा: चित्रात काय, आवाज काय, किती सेकंद. भयपटात मधला रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

या सीनसाठी असं सुचवेन. शॉट १ ते ३ मध्ये पॅसेजच्या दिव्याची बारीक गुणगुण ठेवा, कोणाला मुद्दाम जाणवणार नाही इतकी. शॉट ३ मध्ये स्विच पडला की ती गुणगुण थांबते आणि तेव्हाच शांतता ऐकू येते. शांतता म्हणजे शून्य आवाज नव्हे. ध्वनिपट्टी पूर्ण कोरी केली तर प्रेक्षकाला आवाज बिघडल्यासारखं वाटतं. रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करायचा आहे असं बोर्डवरच लिहून ठेवा, सेटवर तो हमखास राहून जातो.

शॉट ८ मध्ये तिचा श्वास जवळून. शॉट ९ मध्ये सावल्या थांबतात तिथे श्वासही थांबतो, पावलांचा आवाज नको. सावली आवाजाविना सरकली की ती पावलांसारखी दिसूनही पावलं वाटत नाहीत.

शॉट १२ खाली घुमणारा खर्जाचा सूर टाकायचा मोह होतो. टाकू नका. तो सूर आला की प्रेक्षकाला कळतं काहीतरी होणार, आणि तो ठिपका बघायचं सोडून धक्क्याची वाट बघत बसतो.

शेवटची खट्ट. शॉट ३ मध्ये ऐकलेलाच स्विचचा आवाज, तोच टेक. फक्त एक ठरवा: तो कॅमेऱ्याजवळून ऐकू येणार की तिच्या कानाने, पाच मीटरवरून, भिंतींवर आपटून? मी दुसरा घेईन. चित्र स्विचजवळचं आणि आवाज लांबचा, या विसंगतीने अस्वस्थ वाटतं. आवाज उजेडाच्या दोन फ्रेम आधी.

---

कातरी

वेळा कागदावर टाकल्यात ते बरोबर, पण त्या अंदाजाच्या आहेत. पॅनेलचे फोटो काढा, एडिटिंगच्या टाइमलाइनवर सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने लावा, ध्वनिवेडांनी सांगितलेले आवाज फोनवर रेकॉर्ड करून खाली घाला. ही अ‍ॅनिमॅटिक एका संध्याकाळी होते.

एक लक्षात ठेवा: स्थिर चित्र हलत्या चित्रापेक्षा लवकर कंटाळवाणं होतं. अठरा सेकंदांचा शॉट ६ अ‍ॅनिमॅटिकमध्ये नको इतका लांब वाटेल आणि तुम्ही तो दहावर आणाल. घाई करू नका. पॅसेजच्या मापाची जागा मोकळी करून कोणालातरी अंधारात चालायला सांगा, घड्याळ लावा आणि तोच आकडा ठेवा.

शॉट १२ चे बारा सेकंद मी असे वाटेन: साडेसहा सेकंद काहीच नाही. मग ठिपका नाहीसा होतो, दोन सेकंद. मग परत दिसतो, साडेतीन सेकंद. मग खट्ट. ठिपका परत दिसतो त्या साडेतीन सेकंदांत प्रेक्षक स्वतःलाच विचारतो की आपण खरंच काही पाहिलं का. झाकल्याबरोबर दिवा लावला तर धक्का बसतो, पण तो प्रश्न पडायला जागा राहत नाही. दोन्ही प्रकार अ‍ॅनिमॅटिकमध्ये करून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅनिमॅटिक दाखवताना पटकथा न वाचलेली तीन-चार माणसं घ्या. 'भीती वाटली का' हा प्रश्न विचारू नका, चित्रांकडे बघून सगळे उगाच हो म्हणतात. विचारा: कुलूप कोणत्या बाजूला होतं? स्विच कुठे होता? दिवा लागला तेव्हा ती स्विचपासून किती लांब होती? घरात आणखी कोणी होतं का? दोघांनी जरी यातलं एखादं चुकवलं तरी शेवट दुरुस्त करत बसू नका. सुरुवातीच्या तीन शॉट्सकडे परत जा.

---

नवखा_शिकाऊ

दोन शंका. चित्रकला अजिबात येत नसेल तर? आणि हा सगळा सीन त्या अदृश्य गोष्टीच्या नजरेतून एकाच सलग शॉटमध्ये केला तर बोर्ड कसा काढायचा?

---

रेघोटी

काड्यांची माणसं चालतात, फक्त तीन गोष्टी बरोबर हव्यात: क्षितिजरेषा, माणूस फ्रेमच्या किती भागात आहे, आणि तो कुठे बघतोय. नाकासाठी एक टोकदार रेघ काढा, नजर लगेच कळते. तेही नको असेल तर फोनने फोटो काढून बोर्ड करा, मात्र फोनची लेन्स बरीच रुंद असते, तेव्हा फोटो कापून त्रिकोणमितींच्या हिशेबातल्या रुंदीवर आणा. संगणकावर स्टोरीबोर्डर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ब्लेंडरही मोफत आहे. त्यात ६ × १.१ मीटरचा डबा बनवून सेन्सर आणि लेन्सचे आकडे भरले की कॅमेऱ्याला काय दिसतं ते खरं दिसतं, स्विच फ्रेमबाहेर जातो हेही. त्याचे स्क्रीनशॉट काढून वर छटा भरा.

---

कातरी

सलग शॉटचा बोर्ड वेगळ्या पद्धतीने काढतात. कट नसल्यामुळे पॅनेल वेळेवरून ठरत नाहीत, बदलांवरून ठरतात. आधी वरून आराखडा, त्यावर कॅमेऱ्याची वाट एका रेषेत, आणि रेषेवर दर पाच सेकंदांना खूण. मग प्रेक्षकाला नवी गोष्ट कळते त्या प्रत्येक जागी एक पॅनेल. दोन पॅनेलांमध्ये पंधरा सेकंदांहून जास्त अंतर पडलं तर तिथे शॉट रेंगाळतोय असं समजा.

१९७८ च्या 'हॅलोविन'ची सुरुवात याचं शिकण्यासारखं उदाहरण आहे. चारेक मिनिटं आपण मारेकऱ्याच्या डोळ्यांनी बघतो, मुखवटा चढला की त्याच्या डोळ्यांच्या भोकांतूनच बघतो. तो सलग वाटतो, पण त्यात लपवलेले जोड आहेत. आणि तो संपतो कुठे? कॅमेरा शेवटी बाहेरून बघतो आणि मारेकरी सहा वर्षांचा मुलगा आहे हे कळतं. म्हणजे नजरेच्या शॉटचा शेवट 'ही नजर कोणाची' या उत्तराने होतो. तुमच्याकडे ते उत्तर द्यायचं नसेल तर सगळा सीन त्या नजरेतून घेऊ नका. इथे तर अडचण आणखी मोठी आहे: ती नजर स्विचजवळ उभी असेल तर दाराखालच्या सावल्या आपल्याला जवळून दिसणारच नाहीत.

लपवलेला जोड लागणार असेल तर त्याचं पॅनेल लाल चौकटीत काढा. अंधाऱ्या कोपऱ्यावरून किंवा भिंतीच्या कडेवरून कॅमेरा जाताना जोडायचा, आणि दोन्ही बाजूंना वेग तोच ठेवायचा.

---

पाटी_क्रमांक

शूटिंगच्या बाजूने. शीर्षक सोडून १३ शॉट दिसतात, पण सेटअप (कॅमेऱ्याच्या जागा) आठच आहेत: २, ६, १२, १३ एका जागी; ७, ९, १० एका जागी; बाकी सहांची एकेक जागा. प्रत्येक पॅनेलच्या कोपऱ्यात सेटअपचं अक्षर लिहा. शॉटआधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवरच्या अक्षरांत इंग्रजी आय आणि ओ वापरू नका, ती एक आणि शून्यासारखी दिसतात.

अंधाऱ्या सीनला एका सेटअपला ४० मिनिटं धरली तर आठांचे ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं, तेही कॅमेरा सरकवायची ट्रॉली नसताना. बोर्डचा क्रम शूटिंगला पाळायचा नाही. पहिल्या जागेवर आधी दिवा चालू असलेले २ आणि १३, मग दिवा बंद करून ६ आणि १२. ट्रायपॉडचे पाय टेपने जमिनीवर खुणावून कुलूपबंद करा, कारण १२ आणि १३ च्या जोडावर कॅमेरा एक सेंटीमीटर हलला तरी दिवा लागताना भिंती उडी मारतात. त्यापेक्षा १२ च्या शेवटच्या टेकला कॅमेरा न थांबवता खरोखर दिवा लावून घ्या, जोडाचा प्रश्नच मिटतो. वेगळा १३ हाताशी राहू द्या.

दार काढायचा शॉट ११ सगळ्यात शेवटी. एकदा काढलेलं दार परत बसवल्यावर फट तेवढीच राहत नाही आणि ७, ९, १० चा उजेड बदलतो.

ठिपका झाकायला काळं कापड गुंडाळलेली काठी आणि फ्रेमबाहेर बसलेला एक माणूस लागेल. पॅनेल १२-२ खाली हे लिहिलं नाही तर त्या वेळी सेटवर काठी शोधत फिरावं लागतं.

---

त्रिकोणमिती

शॉट १३ बद्दल एक राहिलं. ती वळून स्विचकडे बघते असं लिहिलंय. तिच्यापासून स्विच आणि लेन्स यांच्यातला कोन सव्वादोन-अडीच अंशांचा आहे. पडद्यावर ती सरळ लेन्समध्ये बघतेय असंच दिसणार. पॅनेलमध्ये बाहुल्या किंचित उजवीकडे काढल्यात, तो फरक प्रत्यक्षात उतरणार नाही.

---

मंदप्रकाश

आणि ती लेन्समध्ये बघते म्हणजे तो शॉट नजरेचा होतो. कॅमेरा जिथे आहे तिथे ते अदृश्य काहीतरी उभं आहे. आधीचे २, ६ आणि १२ सुद्धा त्याच जागेचे आहेत, म्हणजे मागे वळून बघितलं तर ते पहिल्यापासून तिथेच होतं. हे हवं असेल तर कॅमेऱ्याची उंची ही त्याची उंची. १.१ मीटर आपण फट आणि स्विचसाठी घेतली, पण ती साधारण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांची उंची आहे. सावल्यांची पावलंही मग त्या मापाची हवीत.

---

कृष्णधवल

ठेवतो. शॉट २, ६, १२, १३ च्या सगळ्या पॅनेलांची क्षितिजरेषा १.१ वर आणून पुन्हा काढतोय आणि १३ मध्ये बाहुल्या लेन्समध्येच. शॉट ९ ची पावलं लहान करतो, दोहोंमधलं अंतरही कमी, नाहीतर मोठ्या माणसाच्या टाचांसारखी दिसतील. लहान पावलांसाठी आतला बल्ब थोडा आणखी खाली लागेल असं वाटतं. मंदप्रकाश, हातभर ऐवजी वीतभर उंचीवर चालेल का?

---

मंदप्रकाश

चालेल, पण मग फरशीवर सांडणारा पट्टा पातळ आणि लांब होईल, शॉट ४ मध्ये तो दारापासून आधीपेक्षा बराच पुढे येईल. पॅनेल ४ आणि ६-३ मध्ये तो तसाच काढा. ६-३ ला ती दाराशी पोचते, तिथेच पट्ट्याचं टोक तिच्या पायाशी येऊ द्या.